बायोस अपडेटनंतर पाळावयाची पथ्ये

संगणक उत्तम चालला होता, म्हणूनच आपण बायोस अपडेट केले, हे आधी मान्य करून टाकू. नवा प्रोसेसर बसवायचा असेल तर गोष्ट वेगळी. इंटेलच्या तेराव्या-चौदाव्या पिढीचे धनी असाल तरीही वेगळी, कारण जादा व्होल्टेज मागून प्रोसेसर झिजू नयेत यासाठीचा मायक्रोकोड 2024 च्या ऑगस्टपासून बायोसमधूनच आला. बाकीच्यांनी ‘नवीन व्हर्जन आलंय’ एवढ्याच भांडवलावर हे धाडस केलेले असते. असो. आता स्क्रीन काळी आहे.

पहिले पथ्य म्हणजे हाताची घडी घालून बसणे. डीडीआर5 रॅमचा बोर्ड अपडेटनंतर पहिल्यांदा उठतो तेव्हा मेमरी ट्रेनिंग करतो, म्हणजे रॅमशी कोणत्या टायमिंगवर बोलायचे ते नव्याने ठरवतो. यात कित्येक मिनिटे जातात. पंखे फिरतात, पडद्यावर काही येत नाही, मध्येच मशीन आपणहून बंद पडून पुन्हा सुरू होते. या काळात पॉवर बटण दाबून धरण्याची ऊर्मी अनावर होते. ऊर्मी दाबावी, बटण नव्हे. ‘बिघडवलंस ना?’ असे घरातून विचारले जाईल. ‘अपडेट चालू आहे’ असे गंभीर चेहऱ्याने सांगावे. ते बऱ्याच अंशी खरेही असते.

चहा पिऊन झाला तरी काळोखच असेल, तर कॅबिनेट उघडून बोर्डाच्या कडेचे बारके दिवे पाहावेत. सीपीयू, डीरॅम, व्हीजीए, बूट यांपैकी जो पेटून राहिला, तिथे गाडी अडली. डीरॅमचा दिवा असेल तर रॅमची एकच पट्टी ठेवावी, तीही पुस्तिकेत सांगितलेल्या खाचेत. (पुस्तिका खोक्यासकट दिवाळीच्या साफसफाईत रद्दीत गेलेली असते. कंपनीच्या साइटवर ती मिळते; संगणक शेजाऱ्यांचा वापरावा.) तरीही ढिम्म? मग प्लग काढून बोर्डावरचा सीआर2032 सेल पाचेक मिनिटे बाहेर ठेवावा. जुन्या सेटिंगा पुसल्या जातात. बोर्डाला फ्लॅशबॅकचे बटण असेल तर शेवटचा उपाय तो: फॅट32 केलेल्या पेन ड्राइव्हवर पुस्तिकेत दिलेल्या नावाने फाइल ठेवावी, आणि दिवा लुकलुकायचा थांबेपर्यंत कशालाही हात लावू नये.

सुरू झाला म्हणून पेढे वाटू नयेत. अपडेटमध्ये बोर्ड बहुधा तुमचे सगळे लाड विसरलेला असतो. एक्सएमपी बंद पडल्याने 6000 ची रॅम 4800 वर रांगते, व्हर्च्युअल मशीन उघडत नाही, पंखे कारण नसताना बोंब मारतात. हे निरुपद्रवी. बिलंदर प्रकार म्हणजे डिस्कचा मोड रेडवरून एएचसीआयवर किंवा उलट जाणे. विंडोज कोसळते, ‘इनॅक्सेसिबल बूट डिव्हाइस’ म्हणते, आणि ओळखीतला एक जाणकार ताबडतोब फॉरमॅटचा सल्ला देतो. त्याला चहा द्यावा, पेन ड्राइव्ह देऊ नये. मोड पूर्ववत केला की डेटा जागेवर असतो.

राहता राहिले बिटलॉकर. फर्मवेअर बदलले की टीपीएमला मालकाचाच संशय येतो आणि तो 48 अंकी रिकव्हरी की मागतो. बहुधा ती मायक्रोसॉफ्टच्या खात्यात असते. मोबाइलवरून पाहता येते. ज्यांनी ती जपून ठेवली आहे त्यांनी ती डेस्कटॉपवरच्या ‘महत्त्वाचे’ या फोल्डरात ठेवली आहे, आणि तो डेस्कटॉप त्या कुलपाच्या आत आहे. यावर आमच्याकडे पथ्य नाही.

पुढच्या वेळी मात्र एवढे करा: सेटिंगच्या पानांचे मोबाइलवर फोटो काढा, रिकव्हरी की कागदावर उतरवा, बिटलॉकर तात्पुरते थांबवा आणि मशीन यूपीएसवर घ्या. पुण्यात असाल तर गुरुवार टाळा, वीज देखभालीसाठी जाते.