कल्पेनीची दिवसपाळी

कल्पेनी हे लक्षद्वीपमधले २.७९ चौरस किलोमीटरचे बेट. चेरियम, तिलक्कम आणि पिट्टी ही निर्मनुष्य बेटे आणि कल्पेनी मिळून एकच कंकणद्वीप होते. मधल्या उथळ, निळ्या पाण्याला लगून म्हणतात. कोचीहून निघणाऱ्या ‘समुद्रम’ या सरकारी जहाज-सहलीत कवरत्ती, कल्पेनी आणि मिनिकॉय ही बेटे येतात. झोप जहाजावर आणि दिवस बेटावर, असा तिचा शिरस्ता. थोडक्यात, इथला पर्यटक दिवसपाळीचा.

त्याच्या दिवसाची सुरुवात मात्र काही आठवडे आधी होते, कारण लक्षद्वीपला जायला भारतीय नागरिकालाही परवाना लागतो. अर्ज, फोटो, पोलिसांचा दाखला. जन्मभर कोणत्याही भानगडीत न पडलेल्या गृहस्थाला, आपण भानगडीत पडलेलो नाही हे लेखी मिळवण्यासाठी, पोलीस ठाण्याची पायरी प्रथमच चढावी लागते.

बेटाची घडण तळापासून समजून घ्यावी लागते. ज्वालामुखीचा डोंगर समुद्रात हळूहळू खचतो. त्याच्या काठाने वाढणारे प्रवाळ मात्र उजेडासाठी वर वर चढत राहतात. शेवटी डोंगर बुडतो आणि कडे तेवढे उरते. हा सिद्धान्त चार्ल्स डार्विनने १८४२ साली पुस्तकात मांडला, पण मूळ कल्पना त्याला दक्षिण अमेरिकेत, खरे प्रवाळबेट पाहण्याआधीच सुचली होती. न पाहता मत बनवण्याची ही परंपरा आजच्या पर्यटकांनीही जपली आहे. फरक इतकाच, की डार्विन १८३६ मध्ये कोकोस बेटांवर जाऊन खात्री करून आला.

याच कड्यामुळे मोठे जहाज लगूनमध्ये शिरू शकत नाही. ते बाहेर खोल पाण्यात थांबते आणि प्रवाशांना यांत्रिक होड्यांत उतरवले जाते. जहाज जागच्या जागी, होडी लाटेबरोबर वरखाली. होडी वर आली की दारातला खलाशी ‘जंप’ म्हणतो आणि खालचे दोघे दंड धरून माणसाला आत ओढतात. माणसाचा हुद्दा, वय आणि वजन यांपैकी खलाशी फक्त तिसऱ्याची दखल घेतो. मराठी गटात या क्षणी हमखास ऐकू येणारे वाक्य म्हणजे, ‘‘अहो, आधी पिशवी धरा!’’ पिशवीत चिवडा असतो. होडी कड्यातल्या फटीतून आत आली, की समुद्र परातीतल्या पाण्यासारखा निवांत होतो आणि मघाशी डोळे मिटून उडी मारलेले सर्वजण एकमेकांना ‘‘काही अवघड नव्हतं हो’’ असे सांगू लागतात.

किनाऱ्यावर शहाळ्याने स्वागत होते. बंगारम वगळता लक्षद्वीपमध्ये दारूबंदी आहे, त्यामुळे गटातले काही सभासद हे शहाळे फार विचारपूर्वक पितात.

मग जलक्रीडा. कमरेइतक्या पाण्यात लाइफ जॅकेट घालून उभ्या असलेल्या माणसाचा चेहरा पाहिला, तर त्याच्या पायांखाली निदान मैलभर खोली असावी असे वाटते. स्नॉर्कलची नळी तोंडात असताना बोलता येत नाही. घरातल्या ज्येष्ठांना हा निर्बंध जाचतो. ते मिनिटामिनिटाला नळी काढून सूचना देतात आणि पुन्हा लावताना खारे पाणी गिळतात. पाण्यात न उतरणाऱ्यांसाठी काचेच्या तळाची होडी असते. तिच्यातून मासे दिसतात, पण मुख्यतः आधी वाकलेल्यांची डोकी दिसतात. लक्षद्वीपचा राज्यप्राणी असलेला फुलपाखरू मासा काचेखालून जातो, तेव्हा माशांची ओळख पापलेट, सुरमई आणि बांगडा इथवरच असलेल्या प्रवाशाचा एकच प्रश्न असतो: ‘‘याला खातात का?’’

खाण्याचा खरा पराक्रम पोपटमाशाचा. तो चोचीसारख्या दातांनी प्रवाळ खरवडतो, चुनखडी दळतो आणि शौचावाटे बारीक पांढरी वाळू बाहेर टाकतो. मोठा पोपटमासा वर्षाला शेकडो किलो वाळू तयार करतो. ज्या शुभ्र वाळूत नवविवाहित जोडपी बदाम काढून आपली नावे लिहितात, तिचा बराचसा पुरवठा या मार्गाने झालेला असतो. वाटाड्याने ही माहिती फोटो काढून झाल्यावर द्यावी.

जेवणात भात आणि टूना, म्हणजे कोकणातला कुपा. शाकाहारी मंडळींचीही सोय असते. मात्र भाजीपाला बहुतेक जहाजानेच येतो, त्यामुळे पानातल्या फ्लॉवरने पर्यटकाइतकाच समुद्रप्रवास केलेला असतो.

दुपारी दीपगृह आणि बनियनचा कारखाना. इतका निळा समुद्र ओलांडून बनियन पाहायला जाणे अनेकांना खटकते. खरे तर चार-साडेचार हजार वस्तीच्या, नारळ आणि मासळीवर जगणाऱ्या बेटाला असा उद्योग जास्त अभिमानाचा. लगून तर त्याला फुकटच मिळाले आहे. एखादा व्यवहारी गृहस्थ तिथे मापाची चौकशी करतोच.

पूर्व किनारा कमी गर्दीचा. १८४७ च्या वादळाने प्रवाळखडकांचा प्रचंड राडारोडा तिथे आणून टाकला. त्याचा बांध अजून आहे. त्यातला एखादा सुबक तुकडा दिवाणखान्यासाठी उचलण्याचा मोह अनेकांना होतो. प्रवाळ नेणे हा वन्यजीव कायद्याखाली गुन्हा आहे, मेलेले असले तरीही. हे कळताच पर्समधला तुकडा जागेवर जातो आणि ‘‘मी नुसता बघत होते’’ असा खुलासा, कोणी विचारलेले नसताना, येतो.

संध्याकाळी उलटा प्रवास: डुलत्या होडीतून स्थिर जहाजात. वर ओढले जाणे हे खाली पडण्यापेक्षा अवघड, शिवाय दुपारच्या जेवणाने वजनात भर पडलेली. पुढचे बेट मिनिकॉय असेल, तर जहाज रात्रीतून नऊ अंश खाडी ओलांडते. ही सुमारे २०० किलोमीटरची वाट उघड्या समुद्राची. तिथे कड्याचा आडोसा नसतो. टूना दुसऱ्यांदा मागून घेतलेल्यांना हा भूगोल साधारण मध्यरात्रीच्या सुमारास समजतो.