उलट्या ऋतूंतले पूर्वज

ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्समध्ये, समुद्रसपाटीपासून हजारेक मीटर उंचीच्या पठारावर, ग्लेन इनस नावाचं एक थंड हवेचं गाव आहे. तिथं ग्रॅनाइटच्या प्रचंड शिळा वर्तुळ करून उभ्या आहेत. बघणाऱ्याला वाटावं, पांडवांच्याही आधीपासून वाऱ्याशी काहीतरी पुटपुटत असणार. प्रत्यक्षात त्या उभ्या राहिल्या १९९२ साली. म्हणजे आमच्या घरातल्या पहिल्या रंगीत टीव्हीहूनही त्या धाकट्या. स्कॉटलंडमधून, आयर्लंडमधून, वेल्स-कॉर्नवॉलमधून आलेल्या सेल्टिक पूर्वजांची आठवण म्हणून त्या उभारल्या. नमुना म्हणून डोळ्यांपुढं होतं स्कॉटलंडच्या ऑर्कनी बेटांवरचं ब्रॉडगरचं शिळावर्तुळ. आता गंमत अशी, की चार हजारांहून अधिक वर्षांपूर्वी ब्रॉडगरच्या शिळा ज्यांनी रोवल्या, त्यांच्या काळी सेल्ट म्हणावं असं तिथं कुणीच नव्हतं. पूर्वजांच्या स्मारकासाठी अशा रीतीनं कुणा तिसऱ्याच पूर्वजांकडून दगडांची कल्पना उसनी आली. पण इतकी जुनी उसनवारी परत मागायला येणार कोण?

या वर्तुळातल्या काही शिळा सूर्याची अयनं दाखवतात. ऑर्कनीत डिसेंबरात दुपारी सव्वातीनला सूर्य मावळतो. इथं डिसेंबर म्हणजे ऐन उन्हाळा. बेल्टेन आणि साव्हिन हे आयर्लंड-स्कॉटलंडच्या गेलिक लोकांचे ऋतुसंधीचे सण. पहिला मेमध्ये उन्हाळ्याच्या तोंडावर, दुसरा नोव्हेंबरात हिवाळ्याच्या. ग्लेन इनसचा सेल्टिक उत्सव भरतो मेच्या सुरुवातीला, आपल्या महाराष्ट्र दिनाच्या आसपास, आणि तेव्हा तिथली पानं पिवळी पडत असतात. तारीख उन्हाळ्याच्या सणाची, हवा हिवाळ्याच्या सणाची. दोन्ही सणांच्या पूर्वजांना एकाच खर्चात जेवू घालण्याची ही युक्ती पृथ्वीच्या कललेल्या आसानं आपसूक साधून दिली आहे.

उत्सवाचा मान दर वर्षी वेगळ्या सेल्टिक मुलखाला मिळतो. ग्रे स्ट्रीटवरून बॅगपाइपची पथकं जातात, घराण्यांचे तंबू पडतात, चौकड्यांच्या लोकरी घागऱ्यांखालून थंडीनं गुलाबी झालेले गुडघे दिसतात. प्रत्येक घराण्याचा ठरलेला चौकडा ही बरीचशी एकोणिसाव्या शतकाची कमाई. १८४२ साली दोन भावांनी प्राचीन हस्तलिखित म्हणून या चौकड्यांचं एक पुस्तक छापलं, ते निघालं बनावट. चौकडे मात्र लोकांच्या अंगावर कायमचे बसले. आयर्लंडच्या परगण्यांना आपापले चौकडे मिळाले तेही १९९०च्या दशकात. मला याचं हसू येतं, पण खोटं वाटत नाही. थंडी तर खरीच असते, आणि लोकर ती खरोखर अडवते.

स्कॉटलंड आणि आयर्लंड यांच्यात समुद्राची जेमतेम वीस किलोमीटरची चिंचोळी पट्टी आहे. तिच्यावर फिन मॅककूल या आयरिश राक्षसानं दगडी वाट बांधली, अशी कथा आहे. पलीकडचा स्कॉटिश राक्षस आपल्याहून थोराड आहे असं कळताच फिन घरात पळाला. त्याच्या बायकोनं त्याला दुपट्यात गुंडाळून पाळण्यात घातलं. बाळ एवढं, तर बाप केवढा, या धास्तीनं पाहुणा वाट उखडत परत गेला. शेजारची अशी तेढ आमच्या आजोळीही होती. तिथं दोन चुलत घरांमध्ये सामाईक विहीर होती. रहाटाच्या कुरकुरीवरून तीन पिढ्यांचं बोलणं बंद. पण त्याच घरांतली मुलं मुंबईला गेली ती एका खोलीत राहिली, आणि आंब्याची पेटी कुणाच्याही घरून आली तरी फोडायची दोघांनी मिळून, असा नियम झाला. गावाकडच्या मोठ्यांना हे कळवायचं नाही, हाही नियमच. आयर्लंडचा कोलंबा ५६३ साली समुद्र ओलांडून आयोना बेटावर गेला आणि स्कॉटलंडचा संत झाला, तेव्हापासून पलीकडेही असंच काहीसं चाललं असावं.

गावाला नाव मिळालं ते आर्चिबाल्ड क्लून्स इनस या स्कॉटिश मेजराचं. १८४०च्या दशकातल्या मंदीत त्याची दौलत बुडाली, नाव तेवढं तरलं. इथल्या त्याच्या कुरणाला फराकाबाद म्हणत. ऐकून आपल्याला फर्रुखाबादच आठवणार. आणि या सगळ्यांच्या कितीतरी आधीपासून ही भूमी न्गाराबल लोकांची. इथलं जूनचं ऊन कुठून येतं, हे कळण्यासाठी त्यांना शिळांची कल्पना आयात करावी लागली नव्हती.

ऑस्ट्रेलियात बाप आयरिश आणि आजी स्कॉटिश असलेली माणसं ढिगानं सापडतील. असा एखादा उत्सवात कोणत्या तंबूत बसत असेल? बहुधा पहिल्यांदा बापाच्या. मग पाऊस आला, की जो तंबू गळत नाही त्याच्यात.