ड वर्गातला मामा

शेतातलं तण काढण्याला आमच्या साताऱ्याकडे भांगलण म्हणतात, इतरत्र निंदणी. सरकारनं दुसरा शब्द उचलला, त्याला शेपूट जोडलं आणि 'निंदणीकरण' तयार झालं. कार्यालयातल्या जुन्या फायली निवडायच्या, राखायच्या त्या राखायच्या आणि उरलेल्या रद्दीत घालायच्या, या कामाचं हे नाव. शेतातल्या आणि कार्यालयातल्या निंदणीत फरक एवढाच, की भांगलायला बसलेल्या बाईला पीक कुठलं आणि तण कुठलं हे ठाऊक असतं.

सरकारी कागदाला जात नसते, पण वर्ग असतो. अ वर्गाचा कागद अमर. ब वर्गाला ३० वर्षं, क वर्गाला १०, क-१ला ५ आणि ड वर्गाला आयुष्य एका वर्षाचं. जमिनीचा कागद वरच्या वर्गात बसतो, कारण जमीन जागची हलत नाही. माणसाच्या हजेरीचा कागद बहुधा खाली, कारण माणूस काय, पाळी सुटली की घरी जातो. शिवाय सहा गठ्ठा पद्धत आहे. त्यातला पाचवा गठ्ठा अभिलेख कक्षात जायचा आणि सहावा नष्ट व्हायचा. दोन्ही गठ्ठे एकाच रंगाच्या कापडात बांधलेले असले आणि शिपाई नवा असला, म्हणजे इतिहासाला कोणतं वळण लागेल ते सांगता येत नाही.

हे सगळं मला माहीत असायचं कारण नव्हतं. पण आमच्या मामानं आयुष्याच्या सत्तरीत एक विचित्र हट्ट धरला. आपण मुंबईत गिरणीत कामाला होतो, हे त्याला सिद्ध करायचं होतं.

मामा साचेखात्यात होता. आधी बदली, मग कायम. उजव्या कानानं त्याला अजूनही कमी ऐकू येतं, कारण त्या बाजूचा साचा जास्त खडखडायचा. डॉक्टर ते मान्य करतात. सरकार कान मान्य करत नाही, सरकारला कागद लागतो. गिरण्यांच्या जमिनीवर कामगारांना घरं द्यायची जी सोडत आहे, तिच्यासाठी १ जानेवारी १९८२ला किंवा त्यानंतर तुम्ही कामावर होता याचा पुरावा हवा. गिरणी कामगारांचा संप सुरू झाला १८ जानेवारी १९८२ला. म्हणजे संपानंतर गिरणीत परतला नसाल, तर त्या सतरा दिवसांत तुम्ही गिरणीत होता की नव्हता, यावर म्हातारपणी डोक्यावर छप्पर येणार की नाही ते अवलंबून. त्या सतरा दिवसांतला एखादा खाडा आज किती महाग पडेल, या विचारानं मामा रात्री दचकून उठतो.

पुराव्यासाठी कागदांची डझनभर नावांची यादी आहे. तिकीट नंबर, लाल पास, गिरणीचं ओळखपत्र, प्रॉव्हिडंट फंडाचा क्रमांक, ईएसआयचा क्रमांक, हजेरीपत्र, रजेचं रजिस्टर, पगाराची पावती. यादी वाचताना वाटतं, एखाद्या विद्यापीठानं कामगार इतिहासाचं संग्रहालय काढायचं ठरवून ही केली असावी. गंमत अशी, की हे कागद ज्यांनी तयार केले त्यांच्याकडे ते मिळत नाहीत. गिरणी बंद झाली तेव्हा साचे भंगारात गेले आणि मस्टरं त्यांच्यामागून. जमीन तेवढी अ वर्गात राहिली. तिच्यावर आता काचेचे बुरूज उभे आहेत. मस्टराच्या एका पानाला किलोमागे काय भाव आला असेल तो असो. त्याच पानाच्या झेरॉक्सच्या भरवशावर घरासाठी आज दीड लाखाहून जास्त माणसं अर्ज करून बसली आहेत आणि मिळालेल्या घरांचा आकडा त्यांच्या फार मागून रखडत येतो आहे.

एक गोष्ट मात्र नियमानुसार चुकली. तो संप अजून कुणी अधिकृतपणे मागे घेतलेला नाही. संपाचे नेते डॉ. दत्ता सामंत गेले, अडीच लाख कामगार विखुरले, भोंगे थांबले. संप कागदोपत्री चालूच. म्हणजे सहा गठ्ठा पद्धतीप्रमाणे तो दुसऱ्या गठ्ठ्यात, प्रतीक्षाधीन प्रकरणांत, हवा. प्रतीक्षाधीन प्रकरणाची निंदणी करता येत नाही. कुणी माहितीच्या अधिकारात विचारून पाहावं.

आता कुणी म्हणेल, महाराष्ट्राला कागद सांभाळता येत नाहीत. हा शुद्ध अपप्रचार आहे. पुण्याच्या पेशवे दफ्तरात मोडीतले कोट्यवधी कागद रुमालांत बांधून ठेवलेले आहेत. त्यांच्यासाठी इंग्रजानं १८९१ साली खास इमारत बांधली. पुढे रियासतकार सरदेसायांनी त्यातून निवड करून ४५ खंड काढले. कुणाला किती शिधा दिला, हत्तीला काय घातलं, कोणत्या ब्राह्मणाला किती दक्षिणा पोचली, रोजकीर्दीत सगळं आहे. इतिहासाचार्य राजवाड्यांनी गावोगाव पायपीट करून, लोकांच्या माळ्यांवरची दफ्तरं उतरवून, १८९८पासून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' छापायला घेतली. कागद देत नाही म्हणणाऱ्या वाड्याच्या पायरीवर ते ठाण मांडून बसत, असं सांगतात, आणि त्यांचा स्वभाव पाहता न बसले तरच नवल. या राज्यात अडीचशे वर्षांपूर्वीच्या हत्तीचा खुराक सापडतो. चाळीस वर्षांपूर्वीच्या मामाची हजेरी सापडत नाही. मामाला सोंड असती तर गोष्ट वेगळी होती.

कामगारांचं काहीच राखलं गेलं नाही, असंही नाही. राखणारा कोण होता, ते बघण्यासारखं आहे. कामगार चळवळीचा सर्वांत इमानी श्रोता म्हणजे साध्या वेशातला पोलीस. जुलै १९०८मध्ये टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली आणि मुंबईच्या गिरण्या सहा दिवस बंद पडल्या, वर्षाला एक दिवस या हिशेबानं. १९२८चा संप तर एप्रिल ते ऑक्टोबर चालला. या सगळ्याची बारीकसारीक हकिगत आज अभ्यासकाला हवी असेल तर ती पोलिसांच्या अहवालांत मिळते. कोण कुठे बोलला, किती माणसं होती, टाळ्या कुठे पडल्या. युनियनचे स्वतःचे कागद कार्यालयासोबत जागा बदलत गेले, गळक्या छपराखाली भिजले, नाहीतर दोन गटांत वाटले गेले. वाटणीत ज्याला कपाट मिळालं त्यानं आतले कागद काढून कपाट नेलं. पोलिसानं मात्र प्रत्येक भाषण तारखेनिशी लावून ठेवलं. कामगारांनी त्या बापड्याचा कधी सत्कार केला नाही.

इंग्रज सरकारनंही कमी केलं नाही. १९२१ साली मुंबईत लेबर ऑफिस निघालं आणि १९२३ला फिंडले शिरास नावाच्या साहेबानं कामगारांच्या घरखर्चाची पाहणी प्रसिद्ध केली. धान्यावर किती, भाड्यावर किती, सावकाराच्या व्याजावर किती. मजुरी वाढवायची नाही म्हटल्यावर माणसानं निदान माहिती तरी गोळा करावी, या सद्भावनेतून ते काम झालं असावं. ते इतकं नीट झालं, की आज शंभर वर्षांनी लालबागच्या खोलीत तेव्हा काय शिजत होतं ते वाचता येतं.

लोखंड्यांची गोष्ट याहून मजेची. नारायण मेघाजी लोखंडे, सत्यशोधक, 'दीनबंधू'चे संपादक, मिलहँड्स असोसिएशनचे संस्थापक. १८८४ साली साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज त्यांनी फॅक्टरी कमिशनपुढे ठेवला. त्या साडेपाच हजारांत अंगठे किती आणि सह्या किती, हे मोजायची मला फार इच्छा होती. त्यांच्याच खटपटीनं १० जून १८९०ला गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली. तर मी मोठ्या उत्साहानं, नोकरीतून सवड काढून, लोखंड्यांच्या काळातले कागद पाहायला एका दफ्तरखान्यात गेलो. दाराला कुलूप. रखवालदार म्हणाला, "आज रविवार." लोखंड्यांनीच केलेलं काम, तक्रार कुणाकडे करायची? मग शनिवारी गेलो. तेव्हा कळलं, की २९ फेब्रुवारी २०२०पासून राज्य सरकारचा पाच दिवसांचा आठवडा झाला आहे. तारीख काय निवडली बघा, चार वर्षांतून एकदाच येणारी. लोखंडे आज असते तर त्यांना आनंद झाला असता. मी मात्र त्यांच्यापासून दोन दिवस लांब गेलो.

शाहिरांच्या बाबतीत तर पोलिसाचीही मात्रा चालली नाही. अण्णा भाऊ साठे, अमर शेख, गव्हाणकर यांनी १९४४ साली लाल बावटा कलापथक काढलं. शब्द टिपता येतात. अमर शेखांनी डफावर थाप मारून आवाज चढवला की मैदानाच्या शेवटच्या रांगेतला माणूस का उठून उभा राहायचा, हे कुठल्या नमुना फॉर्मात भरणार? 'शेरा' या रकान्यात? मामाला त्या काळातल्या ऐकीव चाली येतात. तो अंगणात गुणगुणतो, मी मोबाइलवर रेकॉर्ड करतो, आणि जागा भरली की मोबाइल मलाच विचारतो, काय पुसू? माझ्याही खिशात निंदणी सुरू असते.

भाषेचंही तसंच. गिरणगावानं इंग्रजी थ्रॉसलचं 'त्रासन' केलं. सूतकताईच्या खात्याला याहून बरं नाव भाषा संचालनालयाच्या समितीला दहा बैठकांत सुचलं नसतं. नीरा आडारकर आणि मीना मेनन या दोघी गिरणगावात फिरल्या, माणसांना बोलतं केलं आणि शंभर वर्षांचे शंभर आवाज २००४ साली पुस्तकात आणले. तोवर आमच्याकडे कामगार इतिहासाचं मोठं काम म्हणजे चौकाला नाव देणं आणि जयंतीला फ्लेक्स लावणं. फ्लेक्स पावसात भिजत नाही, वाळवी त्याला खात नाही, आणि निंदणीनंतर तो गोठ्यावर घालता येतो. जतनाच्या दृष्टीनं कागदापेक्षा उत्तम माध्यम.

तर मामा. कार्यालयातल्या बाबूनं त्याला चौथ्या खेपेला सांगितलं, "काका, लाल पास आणा. त्याशिवाय फाइल पुढे सरकत नाही." मामा हताश होऊन गावी आला. त्याला पास कसा होता तेसुद्धा आठवत नव्हतं. मामी चुलीपाशी होती. तिनं हात पुसले, माळ्यावर चढली आणि पत्र्याची ट्रंक खाली घेतली.

ती ट्रंक म्हणजे आमच्या खानदानाचं पेशवे दफ्तर. आत कडुनिंबाचा वाळलेला पाला, कापडाच्या चिंध्या आणि डालड्याचा एक डबा. डब्यात लाल पास. ईएसआयचं कार्ड. पगाराच्या पावत्या, वर्षवार, सुतानं बांधलेल्या. सूत अर्थात गिरणीचंच. खानावळवालीच्या हिशेबाची वही, जिच्यात मामाच्या नावापुढे १९८२च्या पावसाळ्यापासून फक्त 'बाकी' लिहिलेलं आहे. युनियनच्या वर्गणीची पावती. आणि संपातल्या एका सभेचं हँडबिल, ज्याच्या पाठीवर मामीनं दुधाचा हिशेब केला होता. म्हणूनच ते वाचलं, नाहीतर तेव्हाच बंबात गेलं असतं. मामी शाळेत दुसरीपर्यंत गेली. अभिलेख वर्गीकरणाचं प्रशिक्षण तिला कुणी दिलं नाही. मी विचारलं, "मामी, हे सगळं जपून का ठेवलंस गं?" ती म्हणाली, "टाकायला सांगितलं नव्हतं कुणी."

पाचव्या खेपेला मामा, मामी आणि मी असे तिघं गेलो. बाबूनं पास हातात घेतला. उजेडाकडे धरला. मग उठून आत गेला आणि साहेबांना घेऊन आला. साहेबांनीही उजेडाकडे धरला. दोघांत कुजबुज झाली. एवढे दिवस जो कागद ते मागत होते, तो त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा पाहिला होता. कार्यालयातला नमुना मागच्या निंदणीत गेला होता.

साहेब खुर्चीवरून थोडे पुढे झुकले आणि एकदम आदरानं म्हणाले, "मावशी, याची एक प्रत आम्हाला द्याल का? रेकॉर्डला ठेवायला."

मामीनं पास त्यांच्या हातून अलगद काढून घेतला, डालड्याच्या डब्यात ठेवला, झाकण दाबलं.

"अर्ज करा," ती म्हणाली. "तीन प्रतींत."