शिवडी : १० ते १०.४५

एका मोकळ्या दिवसात मुंबई उरकणाऱ्यांच्या तक्त्यात हल्ली शिवडीचा नंबर लागला आहे. विमान रात्रीचं, हॉटेलची खोली दुपारी सोडायची, मग मधल्या दिवसाचं करायचं काय? या प्रश्नाला पूर्वी गेटवे, मरीन ड्राइव्ह आणि कुलाब्याच्या फुटपाथवरची खरेदी असं साधं उत्तर होतं. ते आता सामान्यजनांसाठी राहिलं. मुरलेल्या प्रवाशाला कोणाला ठाऊक नसलेली मुंबई हवी असते, आणि ती दुपारच्या जेवणाच्या आत हवी असते. त्याच्यासाठी तयार तक्ते निघाले आहेत : ९ ते ९.३० एक बाजार, १० ते १०.४५ शिवडी, ११.३० ला आणखी काहीतरी अस्सल. कोणाला ठाऊक नसलेल्या या जागी हार्बरची लोकल पहाटेपासून मध्यरात्रीपर्यंत थांबते आणि प्रत्येक वेळी माणसं उतरतात. पण ती माणसं तक्ता करणाऱ्याने मोजणीत धरलेली नाहीत.

तक्त्यातलं बाकी सगळं माफ करू आणि एकाच गोष्टीकडे बघू : १० ते १०.४५. दहाच का? कारण हॉटेलचा फुकटचा नाश्ता आणि बाजार उरकला की दहा वाजतात. शिवडीला जायचं ते फ्लेमिंगो बघायला, आणि फ्लेमिंगोंनी दहा वाजता जेट्टीसमोर हजर राहायचं, असा हा करार आहे. त्यावर पाहुण्याची सही आहे, गाडीवाल्याची आहे, फक्त समुद्राची घ्यायची राहून गेली. शिवडीच्या खाडीत पूर्ण भरती असली की पाणी तिवरांना टेकतं, चिखल बुडतो आणि पक्षी दुसरीकडे जाऊन उभे राहतात. पूर्ण ओहोटी असली की पाणी लांब जातं, त्याच्याबरोबर पक्षीही जातात आणि क्षितिजावर एक गुलाबी रेघ तेवढी उरते. या दोन टोकांच्या मध्ये पाणी चढत-उतरत असतं, तेव्हा पक्षी चरत चरत धक्क्याच्या जवळ येतात. ती वेळ रोज बदलते. किनाऱ्यावरच्या माणसांचा त्यासाठी जुना हिशेब आहे : पक्ष शुद्ध असो की वद्य, तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ, आणि दिवसातून दोनदा. हिशेब ढोबळ आहे, पण भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर चालतो, त्याला नेटवर्क लागत नाही. या हिशेबाने भरती रोज पाऊण तास पुढे जाते. म्हणजे तक्त्याने शिवडीला जेवढा वेळ दिला आहे, तेवढा समुद्र रोज नुसता सरकतो.

आता तक्ता लावून बघा. द्वादशीला नऊची भरती असते. पाहुणा दहाला पोचतो तेव्हा समोर भरपूर पाणी असतं आणि पक्षी नसतात. चतुर्थीला भरती तीनला, म्हणजे ओहोटी नऊच्या सुमाराला. पाहुणा दहाला पोचतो तेव्हा समोर भरपूर चिखल असतो आणि पक्षी नवी मुंबईच्या बाजूला गेल्यासारखे दिसतात. महिन्यातले काही दिवस तक्त्याचं आणि समुद्राचं जुळतंही, पण जुळलंच तर पुन्हा महिना आडवा येतो. हे पक्षी कच्छकडून थंडीच्या सुरुवातीला येतात आणि मे संपता संपता परततात. तक्ता मात्र बारमाही आहे. ऐन जुलैत, दहा वाजता, छत्री उलटी झालेल्या अवस्थेत दुर्बीण घेऊन उभ्या असलेल्या माणसाला शिवडीने काय दाखवायचं? तो बिचारा पाण्यावर पाऊस पडताना बघतो, गाडीत बसतो आणि मोबाइलवर निकाल देतो : पक्षी नव्हते, एक तारा. खाडीला एक तारा मिळतो. लहान रोहित पक्ष्याला, म्हणजे फ्लेमिंगोला, सेवेतल्या त्रुटीबद्दल एक तारा मिळतो. चंद्राच्या आकर्षणाबद्दल अजून कोणी तक्रार केलेली नाही, पण तीही होईल. मग कोणीतरी कार्यतत्पर माणूस त्या तक्रारींची दखल घेईल आणि पाहुण्यांच्या सोयीसाठी जेट्टीवर फायबरचे बारा फ्लेमिंगो कायमस्वरूपी उभे करील. त्यांना रात्री आतून दिवे, शेजारी 'आय लव्ह शिवडी' ही लाल अक्षरं, उद्घाटनाला मंडप, मंडपाला गुलाबी पडदे. फायबरच्या पक्ष्यांना भरती नाही, ओहोटी नाही, स्थलांतर नाही, एक पाय वर करून ते बारा महिने दहा ते पावणेअकरा उभे राहतील. खरे पक्षी आले तर त्यांच्यामुळे फोटोत गर्दी होते अशी पुढची तक्रार येईल, आणि तिचंही निवारण होईल.

फोटोचं निघालंच आहे म्हणून वासाचंही बोलू. शिवडीच्या धक्क्यावर गाडीतून उतरलेला पाहुणा एका हाताने नाक धरतो आणि दुसऱ्या हाताने गुलाबी रंग टिपतो. हा गुलाबी रंग पक्षी कुठून आणतो? अंड्यातून येणारं पिल्लू करड्या रंगाचं असतं. रंग त्याला अन्नातून मिळतो, आणि लहान रोहित प्रामुख्याने सूक्ष्म नीलहरित शेवाळ खातो, तेही मान खाली घालून, चोच उलटी करून, चिखलपाणी गाळून. ते शेवाळ खाडीत फोफावतं त्यात शहराच्या सांडपाण्याचा मोठा हात आहे, असं अभ्यासक सांगतात. म्हणजे ज्या वासाला नाक धरलं, त्याच चिखलाचा तो रंग आहे. मुंबई जे खाडीत सोडून विसरून जाते, ते एक पक्षी निमूटपणे गाळतो, अंगावर गुलाबी करून दाखवतो, आणि आपण त्याचं कौतुक करताना चिखलाबद्दल दिलगिरी व्यक्त करतो. यातून खाडी घाण ठेवावी असं कोणी वाचू नये. शेवाळाला खत मिळालं म्हणून खाडीचं भलं झालं असं होत नाही. सांगायचं एवढंच की शिवडीत सुंदर आणि ओंगळ यांचे वेगवेगळे थांबे नाहीत, आणि तक्त्याला नेमके वेगळे थांबेच हवे असतात.

शिवडीच्या किल्ल्याचंही तेच. तक्त्यात पंचेचाळीस मिनिटांपैकी पंधरा किल्ल्याला आहेत. इंग्रजांनी १६८० मध्ये हा किल्ला टेकाडावर बांधला तो सूर्यास्तासाठी नव्हे, समुद्रातून कोण येतंय ते बघण्यासाठी. ते फारसं साधलं नाही, कारण १६८९ मध्ये जंजिऱ्याचं आरमार आलं, त्याने शिवडी घेतली, माझगाव घेतलं आणि १६९० पर्यंत मुंबईत मुक्काम ठोकला. या भागाला इतका निवांत वेळ देणारे ते बहुधा शेवटचे पाहुणे. पुढे किल्ल्यात कैदी ठेवले, नंतर बंदराचा माल ठेवला. आज तटावरून तेलाच्या टाक्या दिसतात, तिवरं दिसतात, खाडी दिसते आणि पूल दिसतो. मुंबई कशावर चालते हे एका नजरेत दाखवणारी अशी जागा शहरात क्वचितच मिळेल. पाहुणा मात्र टाक्या चौकटीबाहेर राहतील असा कोन शोधत असतो. त्याला किल्ला हवा असतो, पण किल्ला ज्या बंदरासाठी होता ते बंदर नको असतं. गवत बंदर, कोळसा बंदर, कॉटन ग्रीन ही नावं पत्त्यात आहेत, त्यांचा अर्थ रस्त्यावर ट्रेलर लावून उभा आहे, आणि पाहुणा ट्रेलरमुळे उशीर झाला म्हणून चिडलेला आहे.

यावर एक रास्त आक्षेप येतो. माणसाकडे एकच दिवस असेल तर त्याने करायचं तरी काय? प्रत्येकाने दिनदर्शिका घेऊन खाडीकाठी बसायचं का? वेळ कमी असणं हा गुन्हा नाही, मान्य. पण वेळ कमी असला की माणूस दोनपैकी एक गोष्ट करतो : कमी बघतो, किंवा थोडं थोडं सगळं बघतो. पहिल्याला वेळ पुरतो, दुसऱ्याला यादी पुरी करता येते. एक दिवस म्हणजे दिवसाउजेडी बारा तास, आणि बारा तासांत समुद्र एकदा पूर्ण चढून पूर्ण उतरतो. म्हणजे एका मोकळ्या दिवसात शिवडीची खाडी अथपासून इतिपर्यंत बघून होते, मध्ये नाक्यावर चहा होतो, पश्चिमेला चाळी होतात, पूर्वेला किल्ला होतो, आणि जायला-यायला लोकलचं तिकीट पुरतं. एका दिवसात न मावणारी गोष्ट मुंबई ही आहे, शिवडी नव्हे. तेव्हा वेळ कमी आहे ही तक्रार खरी नाही. खरी तक्रार अशी की शिवडीला अख्खा दिवस दिला तर घरी जाऊन सांगायला एकच नाव उरतं.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. पर्यटक येतात म्हणून जागा वाचते, दोन पैसे येतात, पक्ष्यांबद्दल आस्था वाढते, असं म्हणतात. यातली आस्थेची गोष्ट निम्मी खरी आहे. शिवडीच्या धक्क्यावर हौशी पक्षीनिरीक्षक वर्षानुवर्षं उभे राहिले नसते तर हा चिखल म्हणजे भराव टाकायची मोकळी जागा, असंच शहराने धरलं असतं. पण ते निरीक्षक भरती बघून येत. राहिला वाचण्याचा प्रश्न. ठाणे खाडीत फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ मध्ये जाहीर झालं, २०२२ मध्ये त्याला रामसर दर्जा मिळाला, आणि शिवडीचा चिखल त्या अभयारण्याच्या हद्दीत नाही. ज्या जेट्टीमुळे मुंबईकरांना फ्लेमिंगो कळला, ती जेट्टी हद्दीबाहेर. आणि दोन पैशांचं म्हणाल तर पाहुणा विमानतळावरच्या गाडीतून येतो, हॉटेलची बाटली पितो आणि काच वर करून जातो. पंचेचाळीस मिनिटांत शिवडीची जी आवक होते ती एका कटिंगपेक्षा कमी भरेल, कारण कटिंग प्यायला काच खाली करावी लागते.

खरं तर पाहुण्यावर रागावण्यात अर्थ नाही. शिवडीकडे घाईने बघायला त्याला आपणच शिकवलं. या शहराने शिवडीत अलीकडे उभारलेली सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे शिवडीतून निघून जाण्याचा रस्ता. १२ जानेवारी २०२४ ला उद्घाटन झालेला, २१.८ किलोमीटर लांबीचा, त्यातला १६.५ किलोमीटर समुद्रावरून जाणारा सागरी सेतू. तो अभियांत्रिकीचा पराक्रम आहे यात शंका नाही. त्याची ख्याती काय, तर शिवडीहून वीस मिनिटांत न्हावाशेवा. मोटारीला एका फेरीचा टोल अडीचशे रुपये, वेगमर्यादा ताशी शंभर किलोमीटर, आणि दुचाकी, रिक्षा, पायी माणूस यांना मज्जाव. पुलाचं एक टोक ज्यांच्या दारात आहे त्यांतल्या बहुतेकांकडे नेमकी दुचाकी किंवा दोन पाय आहेत. त्यांनी पूल खालून बघावा. आणि याच पुलाला शिवडीच्या बाजूने ध्वनिरोधक भिंती आहेत, गाड्यांच्या आवाजाने खाडीतले पक्षी बुजू नयेत म्हणून. उत्तम केलं, पक्ष्यांचं अभिनंदन. पण रेल्वेच्या पश्चिमेला जी माणसं ट्रक, हॉर्न, ड्रिलिंग आणि आता शिवडी-वरळी उन्नत मार्गाच्या कामाचा धुरळा कानात आणि नाकात घेऊन जगतात, त्यांच्यासाठी भिंत कुठे आहे? त्यांनी गुलाबी व्हायचं का? शिवडीत बीडीडीच्या बारा चाळी आहेत, शंभरीला टेकलेल्या, एकशे साठ चौरस फुटांच्या खोल्यांच्या, मजल्यावर सामाईक संडासांच्या. मुंबईत अशा २०७ चाळी आहेत : वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी. वरळीतल्या पहिल्या काही कुटुंबांना २०२५ मध्ये नव्या घराच्या किल्ल्या मिळाल्या. नायगाव आणि ना. म. जोशी मार्गाचंही काम निघालं. शिवडी मागे राहिली, कारण तिच्या चाळी बंदराच्या जमिनीवर, म्हणजे केंद्राच्या मालकीच्या जागेवर आहेत. खाडीवर खांब रोवताना जमीन कोणाची, पाणी कोणाचं, परवानगी कोणाची, हे सगळे प्रश्न सुटतात. बारा चाळींपाशी आले की तेच प्रश्न घट्ट होतात. पाहुणा शिवडीला पाऊण तास तरी देतो. आपण तर तेवढाही दिला नाही.

शिवडीकर स्वतः तरी कुठे किल्ल्यावर जातात, असं कोणी म्हणेल. बरेचसे जात नाहीत, खरं आहे. सुटीच्या दिवशी त्यांना पाणी भरायचं असतं, झोपायचं असतं, लग्नाला जायचं असतं. पण किल्ला न बघता ते किल्ल्याला तारे देत नाहीत, एवढा फरक धरायला हवा.

तेव्हा तक्ते करणाऱ्यांनी शिवडीपुढची ठरावीक वेळ काढून टाकावी आणि तिथे तिथी छापावी. ज्यांच्याकडे खरोखर मोकळा दिवस आहे त्यांनी तो सगळा द्यावा, नसेल त्यांनी खुशाल मरीन ड्राइव्हला जावं, ते कधीही दिसतं. आणि शिवडीत उतरलाच असाल तर पूर्वेला जाण्याआधी पश्चिमेला वळून त्या बारा चाळींचं पुढे काय झालं ते विचारा. त्यासाठी भरती-ओहोटी बघावी लागत नाही.