दमट सर

शेळगावात ज्या रोपाचं एकरी टनेज सांगता येत नाही, ते रोपच नव्हे. त्यामुळे सरांच्या पडवीत टांगलेली ऑर्किडं बघून पाहुणा गोंधळतो. मुळं हवेत, मातीचा पत्ता नाही, कुंडीत नुसता कोळसा नि विटांचे तुकडे. "सर, ही लावायची राहिलीत का?" असं एकानं खरोखर विचारलं. फूल कधी येणार म्हटल्यावर सर प्रामाणिकपणे सांगतात, "बी रुजल्यापासून चार-पाच वर्षं." तेवढ्यात उसाचे खोडवे धरून चार वेळा बिल निघतं, हे पाहुणा तोंडी हिशोबानं ताडतो आणि सहानुभूतीनं चहा पितो.

निवृत्त शास्त्रशिक्षकांची ही एक जातच आहे. पोरं पुण्यात, रान वाट्यानं दिलेलं, पेन्शन वेळेवर. यातले काही भजनाला लागतात, काही पतसंस्थेच्या निवडणुकीला आणि गावागणिक एखादा मंगळावर जातो. आमचे सर भा. रा. भागवतांनी मराठीत आणलेल्या ज्यूल व्हर्नचं बोट धरून निघाले, ते नारायण धारपांच्या 'नेनचिम'वरून नारळीकरांच्या 'प्रेषित'पर्यंत पोचले. नवी विज्ञानकथा त्यांना चालत नाही. पुस्तकाचं पान पिवळं हवं आणि आतलं भविष्य होऊन गेलेलं हवं.

खरी अडचण हवामानाची. ऑर्किडाला दमट हवा लागते, जुन्या कागदाला कोरडी. सरांचं सगळं उत्तरायुष्य या दोन हवामानांमधलं दार लावण्यात चाललंय. पडवीत ओली गोणपाटं, आतल्या खोलीत कडुलिंबाचा पाला नि डांबरगोळ्या. मे महिन्यात कूलरचं तोंड ऑर्किडांकडे असतं, माणसांनी पुठ्ठ्यानं वारा घ्यायचा. बोअरचं पाणी खारं, क्षार मुळांवर बसतात, म्हणून वीस लिटरचा जार ऑर्किडांना. घरची माणसं बोअरचंच पितात, असं निदान काकू तरी सांगतात. कालव्याचं आवर्तन सुटलं की अख्खं गाव दारं धरायला रानात पळतं, तेव्हा सर फवारणीची बाटली घेऊन पडवीत उभे.

पारावर त्यांनी एकदा नारळीकरांचा किस्सा सांगितला. 1974 साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला त्यांनी 'कृष्णविवर' ही कथा नारायण विनायक जगताप या नावानं पाठवली. आपल्या नावाची आद्याक्षरं उलटी करून घेतलेलं नाव. नावाचं वजन पडू नये म्हणून हा खटाटोप, आणि पहिलं बक्षीस त्याच कथेला! ऐकणाऱ्यांना कृष्णविवराचं काही वाटलं नाही. "जगताप म्हणजे माळेगावचे का?" यावर मात्र अर्धा तास चर्चा झाली.

काकूंचा वाचनाशी संबंध ऐकण्यापुरता. एच. जी. वेल्सनं 1894 साली ऑर्किडावरच एक कथा लिहिली, ती सरांनी त्यांना मोठ्या कौतुकानं ऐकवली. हौशी गृहस्थ लिलावातून अनोळखी ऑर्किड आणतो. फूल उमलतं, वासानं तो बेशुद्ध पडतो आणि झाडाची मुळं त्याचं रक्त प्यायला लागतात. घर सांभाळणारी नात्यातली बाई कुंडी उचलून काचा फोडते, मुळं तोडते नि त्याला ओढत बाहेर काढते. सर म्हणाले, "बघ, केवढी कल्पनाशक्ती!" काकू म्हणाल्या, "कल्पना कसली? निस्तरलं शेवटी घरातल्या बाईनंच ना?" आणि जार भरून आणायची आठवण केली.

तरी माझं मत विचाराल तर हा माणूस गावाला परवडणारा आहे. तो बांध कोरत नाही, सभासदांच्या यादीवर हरकत घेत नाही, आणि तिन्हीसांजेला शाळेतली पोरं पडवीत बसून चंद्रावर स्वारी करून येतात. तुम्ही गेलात तर डेंड्रोबियमचं पिल्लू बिनदिक्कत मागा, कोळशासकट देतील. पुस्तक मात्र मागू नका. हातात धरू देतील, पण आधी हात कोरडे आहेत का ते तपासून.