खात्री करून घेतलेली बरी

थ्रीडी सिनेमा चालू असताना चष्मा वर करून बघणारा माणूस तुम्ही नक्की पाहिला असेल. पाहिला नसेल, तर तो तुम्हीच.

सिनेमा सुरू होऊन दोन मिनिटंही झालेली नसतात. पडद्यावर 'अवतार'मधल्या पँडोराचे डोंगर अधांतरी तरंगतायत, त्यांच्या कडांवरून धबधबे कोसळून हवेतच विरतायत, आणि आमचा हा गृहस्थ चिमटीत चष्म्याची दांडी धरून चष्मा कपाळावर नेतो. डोळे बारीक करून पडदा न्याहाळतो. चष्मा खाली. पुन्हा वर. पुन्हा खाली. मग त्याच्या चेहऱ्यावर समाधान पसरतं. हे समाधान पँडोराचं नव्हे. चष्म्याशिवाय धूसर दिसतंय, म्हणजे चष्मा अस्सल आहे, म्हणजे आपल्याला कुणी फसवलेलं नाही, याचं ते समाधान. आता ही बातमी घरच्यांपर्यंत पोचवायला हवी. तो शेजारी कोपर मारतो.

"अगं, चष्मा काढून बघ."

"का?"

"काढून तर बघ. दोन-दोन दिसतायत."

"मग घालून बसा ना!"

'अवतार'वर आजवर जेवढं लिहून आलं, त्यात या बाईंइतकं नेमकं कुणी बोललेलं नाही. पण त्यांना समीक्षक म्हणून कुणी बोलावत नाही. बोलावतात ते यजमानांना.

पहिला 'अवतार' २००९ च्या डिसेंबरात आला, १६२ मिनिटांचा. दुसरा २०२२ मध्ये, १९२ मिनिटांचा. तिसरा २०२५ मध्ये, १९७ मिनिटांचा. मधल्या काळात यजमानांचे केस गेले, स्वतःचा चष्मा लागला, त्यावर थ्रीडीचा चढवायची कसरत आली, पहिल्या भागाला मांडीवर बसलेली मुलगी कॉलेजात गेली. चष्मा वर करायचा वेग मात्र तोच. उलट आता एका हालचालीत दोन चष्मे वर जातात. मग खरोखरच काही दिसत नाही, आणि समाधान दुप्पट होतं.

ही सवय येते मंडईतून. भेंडीचं टोक मोडल्याशिवाय भेंडी घ्यायची नाही, हा आपला बाणा. भेंडीच्या बाबतीत तो योग्यच आहे. पण भेंडी घेतली, पैसे दिले, घरी आणली, भाजी झाली, ताटात वाढली, तरी हा माणूस प्रत्येक घासाला टोक मोडून बघतोय. जेवणार कधी?

बरं, तपासायचंच आहे तर निदान काय तपासतोय ते तरी माहीत असावं. पडद्यावर दोन चित्रं पडतात, एक डाव्या डोळ्याचं, एक उजव्या. बहुतेक ठिकाणी या दोन चित्रांचा प्रकाश वेगवेगळ्या तऱ्हेने ध्रुवित केलेला असतो. चष्म्याची प्रत्येक काच आपल्या वाटणीचं चित्र आत घेते, दुसरं अडवते. पडदाही त्यासाठी चंदेरी लागतो, कारण साध्या पांढऱ्या पडद्यावर आपटलं की हे ध्रुवण विस्कटतं. दोन डोळ्यांना किंचित वेगळी चित्रं मिळाली की खोली मेंदू तयार करतो. म्हणजे ते तरंगते डोंगर पडद्यावर नाहीत आणि चष्म्यातही नाहीत, ते तुमच्या डोक्यात आहेत. चष्मा वर करून यजमान तपासतात ते स्वतःचंच डोकं. तिथे धूसर दिसलं तर नवल काय?

खरी गंमत पुढे होते. जी वस्तू नेमकी पडद्याच्याच अंतरावर आहे असं दाखवायचं असतं, तिची दोन्ही चित्रं एकमेकांवर तंतोतंत बसतात. मागचं जंगल दुहेरी, पुढची फांदी दुहेरी, पण मधला निळा चेहरा चष्म्याशिवायही स्वच्छ, एकेरी. यजमानांचा चष्मा नेमका अशा क्षणी वर जातो आणि त्यांना घोटाळा सापडतो. "हे बघ! हे तर चष्म्याशिवाय पण नीट दिसतंय! मग चष्म्याचे वेगळे पैसे कसले घेतले?" बाईंना दाखवतात. बाईंच्या पलीकडच्या मेहुण्याला दाखवतात. मेहुणाही चष्मा वर करतो. मेहुण्याची दोन मुलं चष्मा वर करतात. आख्खी रांग चष्मे कपाळावर चढवून एका महाघोटाळ्याकडे बघत बसते. समोर एका संस्कृतीचं हजारो वर्षांचं झाड जळत कोसळतंय, जमात आक्रोश करतेय आणि आमच्या रांगेत ग्राहक हक्कांची सभा भरलीय. मध्यंतरात ही सभा पॉपकॉर्नच्या काउंटरवर ठराव मांडायला जाते आणि येताना बोटांना लोणी लावून येते. मग तीच बोटं चष्म्याच्या काचांवर. उरलेला सगळा सिनेमा त्यांना पँडोरावर धुकं दिसतं. "इफेक्ट भारी दिलाय," असं मेहुणा म्हणतो. तोच चष्मा पुढच्या खेळाला माझ्या वाट्याला येतो. त्यावर अंगठ्याचा ठसा इतका स्पष्ट असतो की पोलिसांनी माणूस शोधून काढावा. शोधून काढावाच.

दुसरी तक्रार ठरलेली: "थ्रीडी कमी आहे. अंगावर काहीच आलं नाही."

अंगावर यायला हवं, हे आपलं जुनं मागणं आहे. हलत्या चित्रांतली आगगाडी बघून पॅरिसचे प्रेक्षक उठून पळाले, ही दंतकथा आपण मिटक्या मारत सांगतो. १८९६ च्या जुलैत मुंबईत एक रुपया तिकीट लावून तीच चित्रं दाखवली गेली. आमचे यजमान तेव्हा असते, तर गाडी खरी आहे का ते बघायला पडद्यामागे जाऊन आले असते. पुढे १९८४ सालच्या मल्याळम सिनेमाचा हिंदी 'छोटा चेतन' आला आणि आपली एक पिढी थिएटरात हात पुढे करून हवा पकडायला शिकली. ती पिढी आज कुटुंबप्रमुख आहे. तिच्या लेखी थ्रीडी म्हणजे भाला, दगड, साप, फुगा, यांपैकी काहीतरी दर पाच मिनिटांनी नाकाशी यायला हवं. 'अवतार' बनवणाऱ्यांनी उलटा विचार केला. वस्तू प्रेक्षकांवर फेकण्याऐवजी प्रेक्षकाला आत न्यावं, पडद्याची खिडकी करून मागे जंगल पसरू द्यावं. झालं, फसवणूकच ती! आम्ही जागचे हलणार नाही. आम्ही पैसे दिलेत. जे काय असेल ते आमच्यापर्यंत आणून द्या.

आता त्या बनवणाऱ्यांचं काय झालं असेल, याचा विचार करा. पहिल्या भागासाठी नटांच्या चेहऱ्यावर ठिपके रंगवले आणि डोक्याला छोटा कॅमेरा अडकवून पापणीची आणि ओठाची बारीकशी हालचालही टिपली. दुसऱ्या भागासाठी नटांना खरोखर पाण्याच्या टाकीत उतरवलं, श्वास रोखायला शिकवलं. वरून येणारा प्रकाश पाण्यात चमकून मोजमाप बिघडवू नये, म्हणून पाण्याच्या पृष्ठभागावर लहान लहान तरंगते पांढरे गोळे पसरले. दोन भागांमध्ये तेरा वर्षं गेली. नेहमीच्या सेकंदाला २४ चित्रांऐवजी काही प्रसंगांना ४८ चित्रं दिली, पाण्याखालची हालचाल सुळसुळीत दिसावी म्हणून. तेरा वर्षांच्या या तपश्चर्येवर यजमानांचा शेरा: "टीव्हीवरच्या मालिकेसारखं दिसतं हो."

आणि मग एक फोन वर येतो. रात्रीचं जंगल उजळतं, पावलागणिक जमीन चमकते, थिएटरात पहिल्यांदाच चिप्सचं पाकीट गप्प होतं, आणि त्याच क्षणाला माझ्या पुढच्या रांगेत एक पांढरा चौकोन पेटतो. कुणीतरी पडद्याचा व्हिडिओ घेतंय. थ्रीडी पडद्याचा, फोनवर, चष्म्याशिवाय. फोनला एकच डोळा असल्याने दोन्ही चित्रं एकमेकांत कालवून उतरतात. दुसऱ्या दिवशी स्टेटसला चार डोळ्यांचा निळा माणूस, खाली मजकूर: 'व्हिज्युअल ट्रीट'. त्यावर पन्नास जणांचे आगीचे आणि टाळ्यांचे शिक्के. एकालाही विचारावंसं वाटत नाही की बाबा रे, तुझ्या फोनला मोतीबिंदू झालाय का?

'गोष्ट काहीच नाही' म्हणणाऱ्यांचं मी मनावर घेत नाही. गोष्ट जुनीच आहे. परका येतो, रानातल्या लोकांत मिसळतो, आपल्याच माणसांविरुद्ध उभा राहतो. पण हे सांगणारे गृहस्थ घरी रोज रात्री साडेआठला ज्या सासूचं कारस्थान बघतात, ते काय काल सकाळी रचलंय?

२०१० च्या जानेवारीत परदेशातून एक बातमी आली होती. सिनेमा बघून काही प्रेक्षक उदास झाले होते. पँडोरा खरं नाही, आपल्याला तिथे कधीच जाता येणार नाही, या विचाराने त्यांना घरचं जग करडं दिसायला लागलं. आपल्याकडे ही बातमी वाचून लोक पोट धरून हसले. मीही हसलो असतो, पण मला दर जूनमध्ये भंडारदरा आठवतो.

चमकणारं रान बघायला आपल्याला पडदा लागत नाही. मेअखेरीपासून पाऊस लागेपर्यंत अकोले तालुक्यात, भंडारदरा, घाटघर, पुरुषवाडीच्या बाजूला, तिकडे राजमाचीला, हिरडा-बेहडा-जांभळाची आख्खी झाडं काजव्यांनी लखलखतात. एक फांदी विझते, दुसरी पेटते, मग झाडच्या झाड एका ठेक्यात उघडझाप करतं. चष्मा लागत नाही. अंगावर येतात म्हणाल, तर खरोखर येऊन शर्टावर बसतात. मग काय करतो आमचा हा प्रेक्षक? शनिवारी संध्याकाळी मुंबई-पुण्याहून निघतो. घाटात गाड्यांची रांग. गावाच्या तोंडाशी पाटी असते: दिवे बंद ठेवा, टॉर्च लावू नका, फ्लॅश मारू नका, गोंगाट करू नका. ही पाटी नीट वाचता यावी म्हणून तो हेडलाइट पाटीवर मारतो. उतरल्या उतरल्या गावच्या पोराला विचारतो, "शो किती वाजता सुरू होतो?" झाडाखाली जातो, वर बघतो, आणि पाच सेकंदांत, फक्त पाच सेकंदांत, त्याचा हात खिशाकडे जातो. टॉर्च लागतो. झाडावर मारला जातो. का? हे खरंच किडे आहेत का ते बघायला! कुणी दिव्यांच्या माळा तर सोडलेल्या नाहीत ना? खात्री करून घेतलेली बरी! प्रकाश पडल्यावर तिथे पानं दिसतात आणि पानांवर तपकिरी किडे. "हेच होय?" असं म्हणून तो टॉर्च तसाच चालू ठेवून बायकोला दाखवायला जातो. त्याच्यामागून मेहुणा, मेहुण्यामागून मुलं, मुलांमागून ब्लूटूथचा स्पीकर. शंभर माणसं, शंभर टॉर्च, आणि एक झाड, जे आता कुठल्याही सोसायटीच्या गेटावरच्या झाडासारखं दिसतंय.

तो किडा तिथे तुमच्या करमणुकीला लुकलुकत नसतो हो! आयुष्याचा बहुतेक काळ तो अळी होऊन पाचोळ्यात, ओल्या मातीत गोगलगायी खात काढतो. पंख फुटल्यावर त्याच्या हाती जेमतेम दोन-तीन आठवडे उरतात. तेवढ्यात नराने उजेडाची खूण करायची, मादीने ती ओळखून उत्तर द्यायचं, जोडी जमायची, अंडी पडायची. सगळा संसार अंधाराच्या भरवशावर. त्या अंधारात तुम्ही गाडीचे दिवे सोडता, अप्पर मारून. नराची खूण मादीला दिसत नाही. मादीचं उत्तर नराला दिसत नाही. तुम्हाला मात्र सेल्फीत आपला चेहरा नीट दिसतो, आणि मागे मिट्ट काळोख. मग तो फोटो बघून तुम्हीच चिडता की यात काजवे कुठे आले नाहीत.

थिएटरात पँडोराचं झाड पडताना याच माणसाने नाक शिंकरलं होतं, मी शेजारीच होतो. त्या रानासाठी डोळ्यांत पाणी येतं, कारण ते संगणकात आहे. तिथे टॉर्च मारता येत नाही, गाडी नेता येत नाही, खाली चटई टाकून चिकन शिजवता येत नाही. ते यांच्या तावडीतून सुटलंय म्हणून टिकलंय. तिथलं रान पाडायला खाणवाल्यांना सिनेमात यंत्रं आणि सैन्य लागलं. इकडे सात आसनी गाड्या पुरतात.

रविवारी रात्री हा गृहस्थ घरी पोचतो आणि झोपायच्या आधी अभिप्राय लिहितो. मी तो वाचलाय, दर जूनमध्ये कुणी ना कुणी लिहितोच: 'यंदा काजवे फारच कमी. पूर्वीसारखी क्वालिटी राहिली नाही. रस्ता खराब, पार्किंगची सोय नाही, गावात दिवे नाहीत.' पाचपैकी दोन तारे.

गावात दिवे नाहीत, ही त्याची तक्रार आहे. आणि पुढच्या वर्षीपर्यंत ती कुणीतरी नक्की दूर करेल.