येतो हं!

मी घराबाहेर पडलेलं आमच्या खारीला चालत नाही. बायकोला चालतं, सोसायटीला तर फारच चालतं. खारीला नाही.

खारी म्हणजे आमची कुत्री. २०२० च्या लॉकडाउनमध्ये जिन्याखाली सापडली, तेव्हा ओंजळीत मावत होती आणि रंगाने थेट बेकरीतली खारी होती. पुढचं दीड वर्ष मी घरातच, लॅपटॉपपुढे. हा माणूस कपाटासारखाच घराचा भाग आहे, अशी तिची पक्की समजूत झाली. मग ऑफिसचं बोलावणं आलं आणि कपाट हेल्मेट घालून निघून गेलं.

संध्याकाळी परतलो तर दाराच्या चौकटीचा खालचा वीतभर भाग भुसा होऊन पायपुसण्यावर पडलेला. खारी कान पाडून कोपऱ्यात. "मुद्दाम केलंय, तोंडच सांगतंय," असा निकाल मी जागच्या जागी दिला आणि तोच दुसऱ्या दिवशी कुत्र्यांच्या डॉक्टरीणबाईंना ऐकवला.

बाईंनी चष्मा काढला. अलेक्झांड्रा हॉरोविट्झ नावाच्या संशोधिकेने २००९ साली हाच प्रकार तपासून पाहिला होता म्हणे. कुत्र्याचं तोंड पडतं ते मालक रागावला म्हणून. गुन्हा केलेला असो वा नसो. (हे मला नवऱ्यांच्या बाबतीत माहीत होतं.) "ती सूड घेत नाही हो, घाबरते," बाई म्हणाल्या. "आधी सराव करू. गरज पडली तर फ्लुओक्सेटिन आहेच, माणसांनाही देतात ते." त्यावर बायकोने विचारलं, "दोघांचं एकाच चिठ्ठीवर लिहून मिळेल का?"

सराव ऐकायला सोपा होता. बाहेर पडायचं, पाच सेकंदांत परत यायचं. मग दहा, मग वीस. ती घाबरायच्या आत आपण घरात हवं. शिवाय निघण्याच्या खुणा बोथट करायच्या. किल्ल्या वाजल्या की माणूस जातो, हे गणित तिच्या डोक्यात बसलेलं. म्हणून किल्ल्या वाजवायच्या आणि जायचंच नाही. हे पाव्हलॉव्हचंच शास्त्र. त्याला नोबेल मिळालं १९०४ साली, तेही पचनक्रियेवरच्या कामासाठी. माझ्या प्रयोगांचा परिणाम थेट बायकोच्या पचनावर झाला. कारण मी बूट घालून टीव्ही बघू लागलो, डबा काखेत मारून अंघोळीला जाऊ लागलो आणि एका संध्याकाळी हेल्मेट घालून मेथी निवडली.

दहा सेकंदांच्या सरावात मी जिन्यावर नुसताच उभा असे, घड्याळाकडे बघत. वरचे काका तीनदा दिसले. चौथ्यांदा त्यांनी खांद्यावर हात ठेवला. "होतं असं. वहिनींचा राग दुपारपर्यंत उतरेल."

रबरी खेळण्यात दही-पोळी कोंबून फ्रीजरमध्ये गोठवून द्यायची, म्हणजे कुत्रं चाटत बसतं, हाही उपाय केला. मी बाहेर असेपर्यंत खारी त्याला शिवायची नाही. मी आलो की माझ्यासमोर बसून सगळं संपवायची.

तरी चाळीस सेकंदांपर्यंत आम्ही पोचलो. तो रविवार होता, बायको तुळशीबागेत. मी लुंगीवर ऑफिसचे बूट, डोक्यावर हेल्मेट अशा शास्त्रशुद्ध वेशात बाहेर पडलो, दार ओढलं आणि लॅच लागलं. किल्ल्या आत, बोथट होण्यासाठी सोफ्यावर ठेवलेल्या. मोबाइल आत. चाळिसाव्या सेकंदाला खारीने पहिला सूर लावला. मी दाराच्या फटीला तोंड लावून "मी इथेच आहे गं" म्हणत जिन्यात पालथा पडलो. सव्वादोन तास. सोसायटीचे सेक्रेटरी मला ओलांडून गेले, एक शब्द न बोलता. वहीत नोंद आहे: ठरलेले ४० सेकंद, झालेले ८,१०० सेकंद. पुन्हा पाचपासून सुरुवात.

खरं दुखणं सापडलं मोबाइलच्या चित्रीकरणात. किल्ल्या वाजल्या, खारी लोळत होती. हेल्मेट चढलं, तिने जांभई दिली. मग दारातून मी म्हणालो, "येतो हं!" आणि तिचे कान सपाट झाले.

आपल्यात 'जातो' म्हणत नाहीत. अभद्र. जन्मभर मी 'येतो' म्हणून गेलेलो, आणि ह्या शब्दाचा अर्थ खारीने कोशात न बघता बरोबर लावला होता. मग 'येतो'वर घरात बंदी आली. मी चोरासारखा गुपचूप सटकू लागलो. "न सांगता जाऊ नये," म्हणून बायको रोज मागून ओरडायची, "येतो म्हणा की!" की झालंच.

अशात सदाशिव पेठेतली माझी आत्या आली. पोहे झाले, चहा झाला, आणि सात वीसला तिने पिशवी उचलली. "येते हं." खारीने गळा काढला. पण आत्या गेलीच नाही. तिला मेतकुटाचं आठवलं. मेतकूट झाल्यावर "येते बरं का." एक चप्पल पायात, दुसरी अंगठ्याने सरळ करत तिने कुणाच्या तरी मोडलेल्या लग्नाची हकिगत काढली. मग कुंकू लावायचं राहिलं. "चला, येते." मग गुडघे. "बराय, येतेच आता." दर वेळी खारी उठून उभी राहायची, दर वेळी आत्या तिथेच. सातव्या 'येते'ला खारी बसली. दहाव्याला आडवी झाली. आठ दहाला आत्या खरंच निघाली तेव्हा दुसरी चप्पल सापडेना. तिच्यावर हनुवटी टेकून खारी घोरत होती.

आता आत्याला दर रविवारी रिक्षाचं भाडं देऊन बोलावतो. रोजचा सराव मी करतो. काल सकाळी दारात उभा राहून "येतो हं" म्हणालो आणि कांद्याच्या भावावर बोललो. परत "येतो" म्हणालो, गॅस सिलिंडरचं काढलं. आठव्या वेळी बायको लाटणं घेऊन बाहेर आली. "अहो, जा की आता!"

खारीने एक डोळा उघडला, माझ्याकडे बघितलं आणि मिटला. ऑफिसात लेटमार्क लागला, ह्या महिन्यातला चौथा.